भांडे ते भांडवल : एका शब्दाच्या प्रकल्प नोंदी, नाशिक

९ सप्टेंबर

मराठी विभागातर्फे दिवाळीच्या सुट्टीआधी ‘घरातले शब्द’ असे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले. घरात काहीतरी ठेवायला, साठवायला, वाढायला लागणाऱ्या वस्तूंची नावे घ्यायची. प्रत्येकाकडे एक शब्द. त्याचा उगम, त्याचे अर्थ आणि नाशिकमध्ये तो कसा वापरतात ते फलकांवर मांडायचे.

बैठकीत बादली सगळ्यात आधी गेली. पोर्तुगीज ‘बाल्दे’ची आपल्याकडे ‘बालदी’ झाली, मग ल आणि द यांनी जागा बदलल्या आणि बादली झाली. कोकणीत अजून ‘बाल्दी’च म्हणतात. गोष्ट छान आहे, एका फलकात मावते. तांब्या एका विद्यार्थिनीने घेतला. तांब्याचा म्हणून तांब्या, आणि आता स्टीलचा असला तरी तांब्याच. तिलाही धागा मिळाला आहे.

मी ‘भांडे’ मागून घेतले. इतका रोजचा शब्द आहे की त्याचा अर्थ कुणी विचारतच नाही. आज घरी येऊन स्वयंपाकघरात तो कसकसा बोलला जातो ते लिहून काढले. ‘भांडी घासायची आहेत’ म्हणजे ताटवाटीपासून कुकरपर्यंत सगळे. ‘तांब्या-भांडं आण’ म्हणजे मात्र फक्त पाणी प्यायचा छोटा पेला, ज्याला काही घरांत फुलपात्र म्हणतात. ‘एक भांडं तांदळाला दोन भांडी पाणी’ म्हणजे माप, आणि प्रत्येक घरातले हे माप वेगळे. ‘भांडीकुंडी’ म्हणजे सगळा संसार. एकाच ओट्यावर एक शब्द चार आकारांचा होतो आणि ऐकणारा कधी गोंधळत नाही.

११ सप्टेंबर

दुपारी सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालची ही संस्था. कोश बघायला इथेच बसावेसे वाटते. मोल्सवर्थ (१८५७ ची दुसरी आवृत्ती), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (१९४६) आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६६) असे शेजारी शेजारी मांडून वाचायचे ठरवले आहे. आज संस्कृत बाजू पूर्ण केली.

मूळ शब्द ‘भाण्ड’, नपुंसकलिंगी, आणि मराठीतही ते लिंग टिकले. संस्कृतात त्याचे अर्थ मोजत गेले तर पान भरते: भांडे, पेटी, हत्यार किंवा उपकरण, घोड्याचा साज, दागिना, वाद्य, विक्रीचा माल, ठेवलेले धन, नदीचे पात्रसुद्धा. वाद्य हा अर्थ आधी परका वाटला, पण नाट्यशास्त्रात चामड्याने मढवलेल्या वाद्यांसाठी ‘भाण्ड’ आहेच. घट, मृदंग, डग्गा. पोकळ अंगावर तोंड बांधले की झाले वाद्य.

नदीचे पात्र या अर्थापाशी थोडी थांबले. ‘पात्र’ हा भांड्याचाच सख्खा शेजारी. ‘पा’ म्हणजे पिणे, ज्यातून प्यायचे ते पात्र. मग ज्यात काही ठेवता येते ते पात्र, ज्याला काही देता येते तोही पात्र, आणि देता येत नाही तो अपात्र. नाटकातली माणसेही पात्रे. आणि आपल्या गंगेचे पात्र. (नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, घाटाला गंगाघाट.) पाणी धरून ठेवणाऱ्या खळग्याला भांड्याचे नाव द्यावे हे दोन्ही शब्दांच्या बाबतीत घडले. नाशिककराला तिसरे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही: भांडीकुंडीतले ‘कुंड’ आणि रामकुंडातले ‘कुंड’ एकच. कुण्ड म्हणजे वाडग्यासारखे पसरट भांडे, आणि तशाच आकाराचे बांधलेले पाणी.

भांड्याच्या पोटातून निघालेले शब्द: भाण्डागार, म्हणजे माल ठेवायची जागा, त्याचे भांडार. भांडार सांभाळणारा तो भांडारी. भांडारकर हे आडनावही तिथलेच.

आणि भांडवल. भाण्डमूल्य म्हणजे मालात गुंतलेली किंमत. ‘मूल्य’चा म झिजून व झाला, जसा ग्रामचा गाव झाला आणि नामचे नाव झाले. भांडवल हा शब्द आज शेअर बाजाराच्या बातम्यांत दिसतो, पण त्याचा पहिला अर्धा भाग आपल्या मोरीत घासायला पडलेला असतो. माझा सगळा प्रकल्प या एका जोडीभोवती बांधता येईल असे आज वाटते आहे. फक्त उच्चार कसा बदलला एवढ्यावर मी समाधानी राहणार नाही. भांडे हे खरेच भांडवल होते का, घरात, नाशिकमध्ये, हे पाहायचे आहे.

१३ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे, भांडी बाजार शांत. नवीन भांडे या पंधरवड्यात कुणी घेत नाही, म्हणून दुकानदारांना बोलायला वेळ आहे. तीन पिढ्यांच्या एका दुकानात बसले. काकांनी गल्ल्यामागे बसवून चहा मागवला आणि म्हणाले, “ताई, तुम्ही शब्द विचारताय, आम्ही वजन सांगतो. आमचा शब्द वजनच.”

तांबे, पितळ, कासे अजूनही वजनावर. भाव अधिक घडणावळ. जुने भांडे दिले तर मोड लागते, म्हणजे धातूची किंमत वजा होते. ‘मोडीत काढणे’ आपण सरकारी योजनांपासून नात्यांपर्यंत कशालाही म्हणतो, ते इथले. भांडे मोडीत जाणे म्हणजे संपणे नव्हते. वितळून ते परत कुणाच्या तरी घरी घागर होऊन जायचे. स्टीलचे सांगताना काकांनी हात झटकला. “याला मोड कसली? भंगारवाला नेतो किलोवर. चार पैसे.”

हे वाक्य लाल पेनाने लिहून ठेवले आहे.

भिंतीवर कमरेच्या वर पुराची खूण आहे. गंगेला पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजार आधी पाण्यात जातात. २००८ आणि २०१६ चे पूर इथल्या प्रत्येकाला आठवतात. काका म्हणाले, पितळ भिजले तर पुसून विकता येते, कापडवाल्याचे तसे नाही.

१४ सप्टेंबर

रविवार. विद्यार्थ्यांना घेऊन पांडवलेण्यांवर. पाऊस थांबला होता, डोंगर पूर्ण हिरवा.

यायचे कारण लेणे क्रमांक १८, म्हणजे चैत्यगृह, बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनेचे दालन. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख आहे. भटपालिका नावाच्या बाईने तिरण्हु डोंगरावरचे हे चैत्यघर पूर्णत्वाला नेले असे तो सांगतो. ती कुणाची मुलगी, कुणाची आई हेही त्यात आहे. आणि नवरा अगियतणक हा राजाचा अमात्य, भांडाकारिक. म्हणजे भांडारावरचा अधिकारी, खजिनदार. एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लेख वाचून छापले, त्यात हा शब्द नीट उलगडला आहे.

आपण कोशातून ‘भाण्डागार’ वाचतो तेव्हा तो शब्द कुठल्या तरी दूरच्या ग्रंथातला वाटतो. इथे तो शहराच्या वेशीवर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, एका बाईच्या दानलेखात दगडात आहे. आणि तो संस्कृत नाही, बोलीतल्या रूपात आहे. मुलांना मी तो खांब दाखवला तेव्हा एकाने विचारले, “मॅडम, म्हणजे भांड्यांचा खजिनदार?” उत्तर देताना लक्षात आले की प्रश्न बरोबर आहे. माल, धन आणि भांडी यांना तेव्हा एकच शब्द होता. वेगळे कप्पे नंतर पडले.

मग लेणे क्रमांक १०. इथे शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले: दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायचे नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. या मुद्दलाला लेखात शब्द आहे ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे भांडवल, आणि नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ. कनवटीचा पैसा म्हणतो आपण, तीच जागा. पैसा कमरेला ठेवणाऱ्यांनी मुद्दलाला नीवी म्हटले, मालात ठेवणाऱ्यांनी भांडमूल्य म्हटले. मराठीत दुसरा टिकला.

त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे, तिसऱ्या शतकातला. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवले, ते कुणाकडे? कुलरिकांच्या श्रेणीकडे एक हजार, ओदयंत्रिकांकडे म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे दोन हजार, शिवाय तेल्यांकडे. कुलरिक म्हणजे कुंभार असा अर्थ अभ्यासक लावतात. तो अर्थ धरला तर नाशिकच्या कुंभारांकडे लोक विश्वासाने भांडवल ठेवत होते, आणि कुंभार ते भांड्यांत गुंतवून व्याज फेडत होते. भांडे ते भांडवल हा रस्ता इथे हिशेबासकट कोरलेला आहे. उतरताना पाय दुखत होते तरी मी मुलांना हेच पुन्हा पुन्हा सांगत होते.

१७ सप्टेंबर

बुधवारचा बाजार, गंगाघाट. घटस्थापना सोमवारी, त्यामुळे मातीचे घट यायला लागलेत. कुंभारीण मावशींशी बोलले. त्या माल म्हणतात, भांडी म्हणत नाहीत. “भांडी तांबटाची. आमचं मडकं, गाडगं, घट, बोळकं, सुगडं.” सुगड म्हणजे सुघट, संक्रांतीचे. कुंभार म्हणजे कुंभकार, आणि ज्या कुंभावरून मेळ्याला नाव पडले तोही घडाच, जरी आम्ही सिंहस्थच म्हणतो.

संस्कृतात भाण्ड म्हटले की मातीचेही आले. इथे बाजारात मात्र धातूचे तेवढे भांडे आणि मातीच्याला ज्याचे त्याचे नाव. हा फरक कोशात मिळत नाही आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मोड येते ते भांडे, फुटले की खापर होते ते मडके: मावशींनी हे सूत्र म्हणून सांगितले नाही, पण त्यांच्या बोलण्यात ते घट्ट होते.

खापरावरून आठवले. गंगेकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, अहवाल १९५५ चा, नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे गाव या दोन्हींचा. कुठला थर कुठल्या काळातला हे ठरवायला त्यांना मुख्य आधार होता तो खापरांचाच. जोर्व्याची लाल अंगावर काळी नक्षी असलेली, लांब तोटीची भांडी. वरच्या थरांत उत्तरेकडून आलेली काळी झिलईदार. मडक्याला मोड नाही, पण ते कुजत नाही, वितळत नाही, म्हणून इतिहास त्याच्याकडे राहिला. फलकासाठी एक ओळ पुरे.

२४ सप्टेंबर

तांबट लेन. पूर्वी सकाळपासून ठोक्यांचा आवाज असायचा असे इथे सगळे सांगतात. आज एक-दोन ठिकाणीच. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची मोठी वाखाणणी आहे.

ज्या काकांकडे बसले ते घागरीचे पोचे काढत होते. भांड्याच्या अवयवांची नावे त्यांच्याकडून घेतली: काठ, गळा, खांदा, पोट, बूड, कान. सगळी शरीराचीच. दोन भाग झाळून जोडायचे, मग मठारकाम, म्हणजे ठोके देत देत पत्रा घट्ट करायचा आणि खुणांची ओळ उठवायची. “ठोका चुकला की भांडं बोलतं,” काका म्हणाले. बोलतं म्हणजे आवाज बदलतो. चिरलेले भांडे वेगळे वाजते, गिऱ्हाईकही बोटाने टिचकी मारून बघते.

कल्हईचे त्यांनी सविस्तर सांगितले. भांडे तापवायचे, नवसागर टाकून आतला पृष्ठभाग स्वच्छ करायचा, कथलाची कांडी फिरवायची, कापसाने पसरवायचे. कथील २३२ अंशांवरच वितळते म्हणून हे भात्याच्या आचेवर जमते. तांब्याला वितळायला हजार अंशांच्या वर लागतात. कल्हई नसेल तर आमटी-ताक कळकते, म्हणजे आंबट पदार्थाला धातू लागून तो बिघडतो. ‘कळकणे’ या क्रियापदाला स्टीलच्या घरात कामच उरलेले नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना ते माहीत नव्हते. ते फलकावर मोठ्या अक्षरात जाणार.

ओतकामाबद्दल विचारल्यावर मी त्यांना सांगितले की शिवकाळाच्या आणि पेशवाईच्या कागदांत ‘भांडे’ म्हणजे तोफ. गडावर इतकी भांडी म्हणजे इतक्या तोफा. काकांना आश्चर्य वाटले नाही. “ओतलं ते भांडंच. आत पोकळ, एक तोंड उघडं.” तोफेच्या अर्थाचे इतके नेमके स्पष्टीकरण मला दुसरीकडे वाचायला मिळालेले नाही.

५ ऑक्टोबर

पंचवटीत, एका विद्यार्थिनीच्या आजींकडे. प्रकल्पातली आजवरची सगळ्यात महत्त्वाची दुपार.

आजींच्या लग्नात माहेराहून पाच भांडी मिळाली: हंडा, घागर, परात, पातेले, तांब्या. रुखवतात मांडली होती. प्रत्येकावर नाव घातलेले, ठिपक्या-ठिपक्यांचे, माहेरचे नाव आणि सन. नाव का घालायचे? मला वाटत होते आठवण म्हणून. आजी म्हणाल्या, “कुणाची ते कळावं म्हणून. सासरी भांड्यांच्या उतरंडीत माझी कुठली ते मला दाखवता आलं पाहिजे. ती माझी होती.”

१९७२ च्या दुष्काळात त्यांची जमीन सिन्नरच्या बाजूला, पाणी नाही, काम नाही. आधी हंडा गहाण गेला, मग परात. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. भांडी तेवढी आजींच्या नावावर, अक्षरशः नाव कोरलेली. गहाण टाकायची की नाही हे त्यांना विचारावे लागले. परात सोडवून आणली, हंडा गेला. “हंडा पिठाला लागला,” असे त्या म्हणाल्या. हंड्याच्या पैशांतून धान्य आले असा अर्थ. परात त्यांनी मला हातात दिली. जड आहे, दोन्ही हात लागतात, काठावर नाव अजून वाचता येते.

भांडमूल्य हा शब्द कोशात जितका समजला नव्हता तितका इथे समजला. बाईच्या हातात रोख क्वचितच यायची. तिची ठेव मांडणीवर लखलखीत मांडलेली असायची. रोज वापरायची, रोज घासायची आणि अडल्यावेळी मोडायची. सोन्याबद्दल सगळे बोलतात, गरीब घरात सोन्याच्या आधी पितळ होते. घरोघर स्टील आले तेव्हा भांडी हलकी झाली, कल्हई नको, कळकणे नाही, घासायला सोपी. बायकांचे कष्ट वाचले आणि ते फार चांगले झाले. पण मोड गेली. भांड्यातला ‘भांडवल’ हा अर्थ तेव्हा गेला, आणि तो गेल्याची नोंद कुठल्याही कोशात नाही. आमच्या फलकावर ती असेल.

९ ऑक्टोबर

उरलेले वाक्प्रचार पटकन नोंदवते.

भांडण आणि भांडे यांचा संबंध नाही. कोश त्याला ‘भण्ड्’ या वेगळ्या धातूकडे नेतात, थट्टा करणे, वाग्युद्ध करणे. पण ‘भांड्याला भांडं लागलं की आवाज होणारच’ या म्हणीने दोघांना कायमचे शेजारी बसवले आहे.

भांडे फुटणे, भांडाफोड: लपवलेले बाहेर येणे. हे मातीच्या काळातले, धातूचे भांडे फुटत नाही.

जीव भांड्यात पडणे: पोरगे उशिरा घरी आले, निकाल लागला, डॉक्टर बाहेर येऊन बोलले, की आपला जीव भांड्यात पडतो. फुटणे, आदळणे, गहाण पडणे असे भांड्याचे इतके काही होते. इथे ते सांडलेले झेलते. विद्यार्थ्यांनी एकमताने हा फलक दाराशी लावायचा ठरवला.

१४ ऑक्टोबर

प्रदर्शन लागले. माझ्या चार फलकांचा क्रम: भटपालिकेचा खांब, भांडी बाजाराचा तराजू, तांबटाची हत्यारे, आजींच्या परातीचा फोटो (परात त्यांनी घरातून हलवू दिली नाही आणि ते योग्यच आहे). प्रत्येक फलकाखाली कोरा कागद ठेवला, ‘तुमच्या घरात भांडे म्हणजे काय?’ बागलाणातून येणाऱ्या एका शिपाईमामांनी लिहिले की जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेल्या भांड्याला त्यांच्या घरी वेगळे ठेवतात, देवाला वापरत नाहीत. नवीन माहिती, विचारायला त्यांच्या घरी जायचे आहे.

१८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. भांडी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आज निदान एक चमचा तरी घ्यायचा म्हणून सगळे शहर लोटलेले. काकांनी लांबूनच हात केला, बोलायला सवड नव्हती.

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता, विजेची सुई घेऊन. एक बाई मुलीच्या लग्नासाठी घेतलेला स्टीलचा डब्यांचा सेट त्याच्यापुढे ठेवून प्रत्येक डब्यावर नाव घालायला सांगत होत्या, झाकणांवरही. दर अक्षरावर पैसे, म्हणून त्याने आडनाव गाळू का असे विचारले. त्या म्हणाल्या, “आडनाव राहू द्या, तिचं नाव पूर्ण घाला.”

त्याच्याकडे जुन्या पद्धतीची छिन्नी आणि हातोडीही पेटीत आहे, पितळेसाठी. दिवाळी झाल्यावर येऊन बसा म्हणाला. ठिपक्यांचे अक्षर आणि सुईचे अक्षर यांचे ठसे कागदावर घ्यायचे आहेत, आणि गिऱ्हाईक काय काय लिहायला सांगते त्याची यादी करायची आहे. पुढच्या नोंदी तिथून.